आपांच्या गावचा इतिहास

परभणीहून परत आल्यावर मी शाळेतल्या मैत्रिणींना तिथल्या कापसाच्या गाड्यांबद्दल, तिखटजाळ चटणीबद्दल आणि तिथल्या बोलीबद्दल पुष्कळ सांगितलं. मनात जे घर करून बसलं होतं त्याबद्दल मात्र कुणाशीच बोलले नाही. ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी अलीकडेच मला लिहायची मोकळीक दिली. गावाचं नाव येऊ नये आणि माणसांची खरी नावं नकोत, एवढीच त्यांची अट. तेव्हा परभणी आणि झरी ही नावं खरी आहेत. बाकीची मी बदलली आहेत.

मनमाडच्या पुढे

मी नाशिकला मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत बायका माहेरी जातात आणि मी परभणीला शिक्षकांच्या शिबिराला चालले, हे घरी कुणाला पटलं नव्हतं. "तिथे आपलं कोण आहे?" असं आई पुन्हा पुन्हा विचारत राहिली. कुणीच नव्हतं. मराठवाडा आपल्या राज्यात येऊन वर्ष झालं होतं. फळ्यावरच्या नकाशात तो भाग मी मुलींना रंगीत खडूनं भरून दाखवला होता, पण मनमाडच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

मनमाडला गाडी बदलली. पुढचे रूळ अरुंद, डबे लहान आणि गाडीची चालही निवांत. समोरच्या बाकावर एक शेतकरीण बसली होती. तिनं मांडीवर फडकं सोडलं, भाकरीचा चतकोर माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "कुठं जायलाव, बाई?"

"परभणीला."

"कामून?"

मला वाटलं, कामासाठी का, असं विचारतेय. मी म्हटलं, "हो, कामासाठीच."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खुलासा केला, की कामून म्हणजे का, कशासाठी. म्हणजे तिनं विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं होतं भलतंच, तरी ते बरोबर निघालं. सबंध प्रवासात मी मोकळेपणी हसले ते तेवढ्यापुरतंच.

जालना मागे पडल्यावर जमीन काळी होत गेली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. आमच्याकडे द्राक्षांचे मांडव आणि उसाचे हिरवे तुकडे बघायची सवय. इथे नजर जाईल तिथवर सपाटी, मधूनच एखादं लिंबाचं झाड, आणि वेचणीला वाकलेल्या बायका.

शिबिर

शिबिर एका जुन्या दगडी शाळेत होतं. दारावरच्या पाटीवर आधी उर्दू अक्षरं होती. त्यांच्यावर पांढरा रंग देऊन मराठी नाव लिहिलं होतं, पण रंगाचा हात पातळ पडला होता. उन्हात पाहिलं की मराठी अक्षरांच्या मागे उर्दू अक्षरं दिसायची.

आलेले बहुतेक सगळे पुरुष. बाया आम्ही मोजक्याच, आणि आमची उतरण्याची सोय कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. शिबिराचे सेक्रेटरी कपाळावरचा घाम पुसत उभे होते, तेवढ्यात मागून एक उंच, सावळ्या बाई पुढे आल्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, हातात छत्री.

"माझ्याकडे चला," त्या मला म्हणाल्या. "घर लहान आहे. मी आणि माझी आई, दोघीच असतो."

या झुबेदा आपा. आपा म्हणजे थोरली बहीण, सगळे त्यांना तसंच म्हणत. परभणीच्या मुलींच्या शाळेत त्या उर्दू वर्गांना तारीख आणि जुग्राफिया शिकवायच्या, म्हणजे माझेच विषय.

त्यांच्या आईला सगळे अम्मी म्हणत. अम्मींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आपांना विचारलं, "हमारे हात का चलेंगा क्या इनकू?" मी म्हटलं, चालेल. तरी शेजारच्या मारवाडणीकडून त्यांनी दोन पातेली मागून आणली. मारवाडणीच्या भांड्यांत कधी मांस शिजलेलं नव्हतं. सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा, संध्याकाळी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो वाढण्याआधी. अम्मी काही न बोलता वाढायच्या आणि आपण जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या.

शिबिराचे प्रमुख पुण्याच्या बाजूचे प्राध्यापक होते. स्वभावानं मऊ, बोलणं मात्र पेटवणारं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पाठ्यपुस्तक तुम्हांला आयतं मिळतं. तुमच्या गावाचं पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही. ते कोण लिहिणार? इतिहास-भूगोलाचा शिक्षक हा नुसता शिकवणारा नाही, शोधणाराही आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळा, चित्रकलेच्या मास्तरांना रंग, आणि आम्हांला गुंडाळी सुटलेला एक नकाशा. तुम्हीही काही शोधून काढू शकता, असं कुणी म्हणतंय याचंच मला अप्रूप वाटलं. दोघादोघांनी एकेका गावी जायचं, लोकांशी बोलून गावाचा वृत्तांत तयार करायचा आणि शेवटच्या दिवशी तो सगळ्यांपुढे वाचायचा, असं ठरलं. ज्यांचं काम उत्तम ठरेल अशा दोघांना प्रशिक्षण महाविद्यालयात वर्षभर भरपगारी अभ्यासाला पाठवणार होते.

ते ऐकताना आपा बाकावर ताठ बसल्या. त्यांच्या उर्दू वर्गात मुली दर वर्षी कमी होत होत्या. पुढल्या वर्षी वर्ग राहील की नाही, हे हेडबाईंनाही माहीत नव्हतं. देवनागरी आपांना वाचता यायची, पण बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत.

"हे मला मिळायला पाहिजे, बाई," घरी जाताना त्या म्हणाल्या. "मिळालं तर मी मराठीत शिकवायला उभी राहीन."

गावांची नावं वाटली जात होती तेव्हा आपांनी हात वर करून एक गाव मागून घेतलं आणि जोडीला मला घेतलं.

झरीची वाट

परभणीहून झरीपर्यंत मोटार होती. ती इतकी भरली होती, की माझी वळकटी एका कोंबड्यांच्या पाटीखाली गेली आणि उतरल्यावर ती झाडून घेण्यात बराच वेळ मोडला. झरीचा बाजार मोठा. तिथे आम्ही शेंगदाणे घेतले, आपांनी बत्तासे घेतले आणि पुढे जाणारी एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवान अबोल होता.

आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता. एका ओढ्यात गाडीचं चाक रुतलं. आम्ही उतरलो आणि माझी चप्पल काळ्या चिखलात अशी गेली, की हात घालूनही लागेना. आपा म्हणाल्या, "राहू द्या. ही माती घेतलेलं परत देत नाही." दुसरी चप्पलही मग मी तिथेच सोडून दिली.

गाडी पुन्हा सुरू झाली. मी अनवाणी पाय खाली सोडून बसले होते. मी विचारलं, "हेच गाव का मागितलंत, आपा? तिकडे कुणी ओळखीचं आहे?"

"माझं गाव आहे. अब्बा तिथं मास्तर होते. आमचं घर शाळेला लागूनच होतं."

"आता कुठे असतात ते?"

आपांनी समोरच्या रानाकडे पाहिलं. "इथंच असतील," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, निजामाच्या राज्यात भारताची फौज शिरली त्या पोलीस ॲक्शनच्या आधी, भाद्रपदाच्या सुमाराला, त्या आणि अम्मी मामाच्या घरी परभणीला आल्या होत्या. दिवस वाईट होते. मास्तरसाहेबांनाही चला म्हणून दोघींनी विनवलं. ते म्हणाले, शाळा उघडी आहे, मुलं येतात, माझ्या गावात मला काय होणार? त्यानंतर ते दिसले नाहीत. कुणी सांगायचं हैदराबादेला पाहिले, कुणी सांगायचं सरहद्दीपलीकडे गेले. गावाकडून एक शब्द आला नाही. आपाही कधी गेल्या नाहीत. आधी भीती होती. पुढे भीती गेली, तरी पाय निघाला नाही.

"अम्मी अजून वाट बघते," आपा म्हणाल्या. "मी शिबिराचं नाव सांगून निघालेय. एकटीनं येणं मला झालं नसतं, बाई. म्हणून तुम्हांला बरोबर घेतलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

गावात

वेशीत लिंबाखाली माणसं बसली होती. गाडी थांबताच बोलणं थांबलं. एक म्हातारा उठून उभा राहिला, मग हळूहळू बाकीचे. कुणी आपांचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी ओळखलं होतं. त्यांनी चावडीत घोंगडं टाकलं, गुळाचा चहा आला.

मी शिबिरात ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. लोक भरभरून बोलत होते. जुनी विहीर कुणी खणली, दुष्काळात लोक कुठे गेले, सारा कसा भरायचा, कापूस कोणत्या पेठेला जायचा. आमच्या नाशिककडे कोणत्या साली म्हणून विचारलं की लोक इंग्रजी सन सांगतात. इथे निजामाच्या महसुलाचं फसली साल सांगत आणि मग बोटांवर हिशेब करून मला समजावत. शाळेचा विषय निघाला. शाळा कशी सुरू झाली, भिंत कुणी घातली, पहिला वर्ग कुठे बसला, हे सगळं सांगून झालं.

"मग पोलीस ॲक्शन झालं तेव्हा?" मी विचारलं.

एक जण खाकरला. दुसऱ्यानं बैल सोडायचे राहिलेत म्हणून चप्पल घातली. बघता बघता चावडी रिकामी झाली.

आपा उठल्या. "चला, गयाबाईंकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

गयाबाई म्हणजे शाळेच्या मागच्या घरातली म्हातारी, अम्मींची मैत्रीण. ती ओसरीवर अंबाडीचे दोर वळत बसली होती. आपांना पाहून हातातला दोर सुटला. ती उठली नाही. नुसते हात पुढे केले.

"झुबी, तू आलीस," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी मेल्यावर येशील."

आपा तिच्यापुढे बसल्या. म्हातारीनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. डोळ्यांना कमी दिसत होतं. मग तिनं सुनेला सांगून आम्हांला जेवायला वाढलं. भाकरी, वरण, आणि चटणी अशी की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जेवण होईपर्यंत तिनं कशाचाच विषय काढू दिला नाही. ताटं उचलल्यावर आपांनीच विचारलं.

"काकू, अब्बांचं काय झालं?"

गयाबाईनं सुटलेला दोर पुन्हा हातात घेतला. "त्याच्या आदी आमी काय सोसलं ते तुला ठाव हाय," ती म्हणाली. "रझाकारांनी माझ्या धाकल्या दिराला वेशीत मारलं. त्याचं दिस न्हाई फिटलं तवर फौज आली. मग भाईरगावची मानसं आली. कुऱ्हाडी घिऊन. तुझे अब्बा शाळेत व्हते. म्या त्यांला आमच्या गोठ्यात आनलं, कडब्याच्या गंजीमागं बसवलं. घरची म्हनली, तुझ्या दिराला कोनी मारलं ते इसरलीस का? म्या म्हनलं, मास्तरनं मारलं का? दीर गेला तवा मास्तर माझ्या ह्याच ओसरीवर बसून रडला व्हता."

"मग?"

"दोन रोज ऱ्हायले. भाकर दिली की म्हनायचे, गयाबाई, पोरांची शाळा बुडायलीय. तिसऱ्या रोजी कोनी तरी हाक मारली. आन् ते आपल्या पायानं भाईर गेले."

"कुणी हाक मारली?"

म्हातारीनं मान हलवली. "जागा दावते. पुढचं मी सांगनार न्हाई. ज्याचं हाय त्यानं सांगावं."

कापसाचं रान

रान गावापासून लांब नव्हतं. गयाबाई काठी टेकत पुढे, मागे आपा, मी शेवटी अनवाणी. ढेकळं पायाला टोचत होती. कापूस चांगला आला होता. लांबच्या तासात, कापसाच्या ओळीत, एक बाई वेचणी करत होती आणि तिच्या मागे एक लहान मुलगी पदराचं टोक धरून चालली होती.

बांधाला लागून एक जागा मोकळी होती. चार-पाच हात लांब. तिच्या दोन्ही बाजूंनी कापसाची तासं वळून गेली होती. वर नुसतं गवत. दगड नव्हता, खूणही नव्हती. कुणी सांगितलं नसतं तर मी पेरणीत राहून गेलेला तुकडा समजून पुढे गेले असते.

गयाबाई तिथे थांबली. आपांना काही सांगावं लागलं नाही. त्या खाली बसल्या आणि त्यांनी गवतावर हात ठेवला.

आम्हांला बघून पलीकडून एक तरुण माणूस आला. चोवीस-पंचविशीचा, अंगात बंडी, डोक्याला फडकं. आमच्यापासून थोडा दूर तो उभा राहिला. जवळ यावं की जावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

आपांनी वर पाहिलं. "किसन ना तू?" त्या म्हणाल्या. "पाढे म्हणताना डोळे मिटायचास."

त्यानं डोक्याचं फडकं काढलं. "हाव, आपा. हे रान आमचंच हाय." आणि मग एका दमात, जणू थांबला तर बोलता येणार नाही असं, तो म्हणाला, "आपा, हाक मी मारली व्हती."

गयाबाईनं तोंड फिरवलं.

"ती मानसं आमच्या घरात शिरली," किसन सांगत होता. "बापाला खांबाला बांधलं. म्हनली, मास्तर गावातच हाय, पर कोनी सांगंना. तू त्याचा शाळकरी. हाका मारत फिर. तुज्या आवाजाला तो निगंल. म्हनली, आमी मारनार न्हाई, परभनीच्या कचेरीत नेऊन सोडनार हाव. मला खरं वाटलं, आपा. खरं वाटाया पाहिजे व्हतं म्हून वाटलं का, काय की. मी गल्लीगल्लीनं फिरलो. काकूच्या गोठ्यापाशी आलो."

"काय म्हणालास?"

"मास्तरसाब, मी किसन हाय, म्हनलं."

"आणि अब्बा?"

"आतून म्हनले, आलो रे बाळा," तो म्हणाला, आणि खाली बसला.

वेचणी करणारी बाई काम थांबवून आमच्याकडे बघत उभी होती.

मग किसननं उरलेलं सांगितलं. माणसं निघून गेल्यावर त्यानं आणि त्याच्या बापानं मास्तरसाहेबांना या रानात आणलं. गावात दुसरं मुसलमानाचं घर उरलं नव्हतं. मातीच्या वेळी काय म्हणायचं असतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. "बापानं रामाचं नाव घेतलं," तो म्हणाला. "आमाला तेवढंच येत व्हतं, आपा. चुकलं असंल तर..."

"चुकलं नाही," आपा म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले आणि पुटपुटत प्रार्थना केली. आम्ही बाकीचे उभे होतो. वारा नव्हता. मला रडू येत होतं आणि इथे मी परकी, मी रडायचं की नाही तेही कळत नव्हतं.

त्या उठल्या तेव्हा किसन म्हणाला, "दगूड लावू का? दर वरसाला मनात येतं."

"नको. दगड लावलास की लोक विचारतील, कुणाचा आणि कसा. आहे तसं राहू दे."

"आपा, मला काय तरी बोला."

आपांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफीही नव्हती. "काय बोलू, किसन? मला अजून सुचत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा येईन तेव्हा बोलेन."

मघाची वेचणी करणारी बाई, किसनची बायको, तांब्या घेऊन आली होती; मुलगी तिच्या पदराला धरून होती. आपांनी ओंजळ धरली आणि पाणी प्यायल्या. बत्ताशांची पुडी त्यांनी गयाबाईच्या हातात दिली. गाडी वेशीत थांबली होती.

परतताना

गाडीनं ओढा ओलांडला. मग मला राहवलं नाही.

"आपा, हे लिहायलाच हवं. हाच खरा वृत्तांत आहे. नावं घालू नका. पण शिबिरातल्या एकानंही असं काही आणलेलं नसणार. वर्षभराची जागा तुम्हांलाच मिळेल."

"नावं न घालून काय होतं, बाई? त्या गावाला मास्तर एकच होता. परभणीत वाचलं की संध्याकाळपर्यंत झरीला कळेल. मग लोक हाक मारणाऱ्याला शोधतील, आणि तो सापडेल. तो लपतच नाही."

"मग खरं काय ते कधीच लिहायचं नाही?"

"लिहावं. पण मी त्याच्यावर नोकरी मिळवू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "गयाबाईनं झुबीला सांगितलं. किसननं मास्तरच्या मुलीला सांगितलं. शिबिराला कुणी काही सांगितलेलं नाही."

आजही मी पुरती त्यांच्या बाजूची झाले आहे असं म्हणवत नाही. दडवलेलं कधीतरी उघड्यावर यायलाच हवं, असं माझं मन म्हणत राहतं. पण त्या गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईला ते मी सांगू शकले नाही.

शेवटचा दिवस

वृत्तांत आम्ही दोघींनी मिळून लिहिला. जमीन, पाणी, पिकं, बाजार, शाळा. वाचला आपांनीच. बोट ठेवून, सावकाश, एकेक ओळ. सभागृहात कुणी कुजबुजलं तेव्हा मला त्याला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. शाळेच्या भागात त्यांनी वाचलं, "या शाळेत पुष्कळ वर्षं एकच शिक्षक होते. ते गावातच वारले." आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या.

वाचून झाल्यावर प्रमुखांनी विचारलं, "हे शिक्षक केव्हा वारले? कशानं? गावाच्या इतिहासात ते महत्त्वाचे वाटतात."

"विचारलं, साहेब," आपा म्हणाल्या. "गाव सांगायला तयार नाही."

"मग इथेच तुमचं संशोधन अपुरं राहिलं, बाई. जिथे गाव गप्प होतं तिथेच शिक्षकानं चिकाटी धरायची." ते मायेनंच बोलले. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. आपांनी मान लववली आणि जागेवर येऊन बसल्या.

निवडलेली दोन नावं संध्याकाळी जाहीर झाली. एकानं विणकरांच्या मागांवर काम केलं होतं, दुसऱ्यानं नदीकाठच्या गावांवर. दोघंही लायक होते. आपांनी दोघांचंही अभिनंदन केलं. वाटेत त्यांनी माझ्यासाठी नव्या चपला घेतल्या, मी नको नको म्हणत असताना.

घरी अम्मींनी खड्या मसाल्याचा बगारा भात केला होता, कारण दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. आम्ही गावाहून आल्यापासून त्यांनी लेकीला एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी आमच्या दोघींच्या पानात वाढून झाल्यावर त्या नेहमीसारख्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "जगा मिली?"

आपांचा घास हातातच राहिला. "मिली, अम्मी. कापसाच्या रानात आहे. लोकांनी जपलीय."

अम्मींनी डोळे मिटले, उघडले. "कैसा हुआ?"

आपांनी सांगितलं. गोठा, कडब्याची गंजी, गयाबाईची भाकरी. मग म्हणाल्या, "कुणीतरी हाक मारली. अब्बा बाहेर आले."

"किसने पुकारा?"

"मालूम नहीं, अम्मी. गावात कुणालाच ठाऊक नाही."

मी खाली मान घालून बसले होते. अम्मी लेकीकडे बघत राहिल्या.

"शागिर्द होंगा," त्या म्हणाल्या. "और किसी के पुकारे से वो उस दिन बाहर नहीं आते थे. कोई बच्चाच होंगा." मग त्यांनी विचारलं, "अब तो बड़ा हो गया होंगा वो. बालबच्चे हैं क्या उसकू?"

आपांनी घास पानात ठेवला. रानात, गाडीत, सभागृहात, कुठेच त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले नव्हते.

"एक मुलगी आहे, अम्मी," त्या म्हणाल्या. "लहान आहे अजून."

अम्मींनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग त्या भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या, इतक्या वर्षांचं. आपा उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि पाठीवर हात ठेवून बसल्या. मी आमची दोघींची ताटं उचलून मोरीत नेली आणि तिथेच उभी राहिले.